होम्स आणि वॉटसनचं जुळवायला बसण्याआधी : नवीन शिपरसाठी पायरी पायरीने

शेरलॉक होम्स वाचून झालं किंवा ती बीबीसीची सिरीज बघून झाली आणि डोक्यात किडा वळवळायला लागला की या दोघांचं नुसती दोस्ती म्हणून आहे का अजून काही, आणि हे घरात बोलायची सोय नाही कारण लगेच "काहीतरीच काय तुझं" होणार, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. तुम्ही एकटे नाही, आणि पहिले तर अजिबातच नाही. १९४१ साली न्यूयॉर्कमध्ये होम्सवेड्या मंडळींच्या वार्षिक जेवणात रेक्स स्टाउट, जो स्वतः नावाजलेला रहस्यकथाकार होता, उभा राहिला आणि गोष्टींमधले उतारे काढून काढून त्याने सिद्ध केलं की वॉटसन ही मुळात बाई होती आणि होम्सची बायको होती. थट्टाच होती ती, पण उतारे पुस्तकातले होते. आपल्याला नेमकं तेच जमायला हवंय, कल्पना कितीही लांब जाऊ दे, उतारा पुस्तकात सापडला पाहिजे.

होम्सच का घेतलाय, तर शिकायला सोपा. एकूण साठ गोष्टी, म्हणजे चार कादंबऱ्या आणि छप्पन कथा, १८८७ ते १९२७ मधे आलेल्या, लेखक १९३० साली गेला त्यामुळे नवीन सीझन येऊन तुमची थिअरी कुणी पाडणार नाही. कॉपीराइटपण संपलाय, अमेरिकेत शेवटच्या कथा १ जानेवारी २०२३ ला मोकळ्या झाल्या, त्यामुळे सगळं फुकट वाचता येतं आणि त्यावर फॅनफिक, म्हणजे चाहत्यांनी त्याच पात्रांवर रचलेली गोष्ट, लिहिलं तर कुणी दारात येत नाही. मराठीत भालबा केळकरांनी होम्स आणला, अनेकांनी तोच शाळेत असताना वाचलाय, पण वाद घालायला बसाल तेव्हा मूळ इंग्रजी समोर ठेवा, कारण आपण ज्या एका वाक्यावर, एका विशेषणावर भांडतो ते अनुवादात इकडचं तिकडे झालेलं असू शकतं.

पायरी १ : लोक काय बोलतात ते कळू दे

शिप म्हणजे दोन पात्रांचं जुळावं असं वाटणं, आणि तसं वाटणारा तो शिपर. हा शब्द पसरला १९९० च्या दशकात, एक्स-फाइल्स या टीव्ही सिरीजमधल्या मल्डर आणि स्कलीमुळे. स्लॅश त्याच्याही आधीचं, स्टार ट्रेकचे कर्क आणि स्पॉक, १९७० च्या दशकात घरगुती छपाईची फॅन मासिकं निघायची, त्यात या दोघांच्या प्रेमाच्या गोष्टी बायकाच मुख्यतः लिहायच्या आणि नावांच्या मधे तिरकी रेघ मारायच्या, म्हणून स्लॅश. ती रेघ आजही कामाची आहे. फॅनफिकच्या साइटवर होम्स-तिरकी रेघ-वॉटसन असेल तर प्रेम, आणि मधे ते अँडचं चिन्ह असेल तर दोस्ती. नवीन लोक हे बघत नाहीत, मग दोस्तीची गोष्ट म्हणून उघडतात आणि तिसऱ्या परिच्छेदात दचकतात.

कॅनन म्हणजे मूळ पुस्तकात जे छापलंय ते. हेडकॅनन म्हणजे माझ्या डोक्यात जे आहे ते. फॅनन म्हणजे इतक्या लोकांच्या डोक्यात आहे की पुस्तकातच आहे असं सगळ्यांना वाटायला लागलंय. यातलं तिसरं सगळ्यात डेंजर. बाकी शब्द वाटेत शिकाल, एस म्हणजे ज्याला लैंगिक ओढ वाटत नाही, ॲरो म्हणजे प्रेमात पडायचीच ओढ नाही असा, क्वीअरबेटिंग म्हणजे दाखवतो दाखवतो म्हणून आशा लावायची आणि दाखवायचं काही नाही. पुरे एवढं.

पायरी २ : पुरावा गोळा करा, आणि वही घ्या

वही म्हणजे खरंच वही, किंवा फोनमधली नोट. तीन रकाने. पहिल्यात पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं, गोष्टीच्या नावासकट. दुसऱ्यात घडलं काय, एका ओळीत. तिसऱ्यात मला काय वाटतं. पहिल्या आणि तिसऱ्या रकान्याची सरमिसळ झाली की मेलात, कारण समोरचा पहिलीच ओळ उघडून बघणार.

एक करूनच दाखवते. द थ्री गॅरिडेब्ज, छापून आली १९२४-२५ च्या सुमाराला, गोष्टीतला काळ १९०२. किलर इव्हान्स नावाचा गुन्हेगार पिस्तूल काढतो, गोळी वॉटसनच्या मांडीला लागते. होम्स आधी त्या माणसाच्या डोक्यात पिस्तूल हाणतो, मग वॉटसनला दोन्ही हातांनी धरून खुर्चीत बसवतो आणि म्हणतो, देवाशपथ सांग वॉटसन, तुला लागलं नाहीये ना. वॉटसन लिहितो की त्याचे ते कठोर डोळे क्षणभर पाणावले, ओठ थरथरत होते, आणि त्या थंड मुखवट्यामागे केवढी निष्ठा आणि केवढं प्रेम आहे हे कळण्यासाठी एक जखम काय, कितीही जखमा झाल्या तरी परवडल्या असत्या. मग होम्स खिशातल्या चाकूने पँट फाडून जखम बघतो, वरवरची निघते, आणि मग तो इव्हान्सकडे वळून सांगतो की तू वॉटसनला मारलं असतंस तर या खोलीतून जिवंत गेला नसतास.

आता रकाने भरा. पहिल्यात ती वाक्यं. दुसऱ्यात : गोळी लागली, होम्स हादरला, धमकी दिली. तिसऱ्यात तुमचं. "लव्ह" हा शब्द वॉटसनने स्वतः लिहिलाय हे पहिल्या रकान्यात जातं, त्या लव्हचा अर्थ नेमका कुठला हे तिसऱ्यात. साधी गोष्ट आहे पण नव्वद टक्के भांडणं इथेच होतात, मी आपलं अंदाजाने म्हणतेय.

आणि याच उताऱ्यात एक गंमत आहे. वॉटसन म्हणतो की त्या मोठ्या मेंदूमागचं मोठं मन मला आयुष्यात एकदाच दिसलं. पण द डेव्हिल्स फूट, ज्यातला काळ १८९७ चा, तिथे विषारी धुराच्या प्रयोगात दोघंही मरता मरता वाचतात, वॉटसन त्याला ओढून बाहेर गवतावर आणतो, होम्स कापऱ्या आवाजात माफी मागतो आणि वॉटसन लिहितो की होम्सचं मन इतकं मी आधी कधीच पाहिलं नव्हतं. म्हणजे एकदाच दिसलं कसं? लेखक विसरला हे सरळ उत्तर. वॉटसन लपवतोय हे शिपरचं उत्तर. दोन्ही लिहून ठेवा.

अजून थोडा माल देते, बाकी तुम्ही शोधा. द साइन ऑफ फोरमधे वॉटसन लग्न ठरल्याचं सांगतो तर होम्स कण्हतो आणि म्हणतो की मी तुझं अभिनंदन करू शकत नाही. द एम्प्टी हाउसमधे मेलेला समजलेला होम्स तीन वर्षांनी समोर उभा राहतो आणि लढाई बघून आलेला हा लष्करी डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचा बेशुद्ध पडतो. द ब्लँच्ड सोल्जर स्वतः होम्सने सांगितलीय, वॉटसन नाही, आणि त्यात तो म्हणतो की वॉटसन मला बायकोसाठी सोडून गेला, आमच्या एवढ्या वर्षांत त्याने केलेली तेवढी एकच स्वार्थी गोष्ट, मी एकटा होतो. आणि माझा सगळ्यात लाडका द नॉरवुड बिल्डरच्या सुरुवातीला आहे. वॉटसन दवाखाना विकून परत बेकर स्ट्रीटला राहायला येतो, व्हर्नर नावाच्या तरुण डॉक्टरने तो दवाखाना मागू ती किंमत देऊन, घासाघीस न करता घेतला याचं त्याला नवल वाटतं, आणि काही वर्षांनी कळतं की व्हर्नर होम्सचा लांबचा नातेवाईक होता आणि पैसे होम्सने दिले होते. अहो, माणसाला परत घरी आणायला त्याचा दवाखानाच विकत घेतला आणि बोलला नाही! चुंबन वगैरे राहू दे बाजूला, मला विचाराल तर हा व्यवहार जास्त बोलका आहे.

पायरी ३ : उलट बाजूची वही पण भरा

ही पायरी कुणालाच नको असते, आणि टाळली तर पहिल्याच वादात तोंडघशी पडता.

एक, आयरीन ॲडलर. होम्ससाठी ती नेहमीच "ती" बाई, असं वाक्य सगळ्यांना पाठ. पण १८९१ च्या त्या पहिल्या कथेत लगेच पुढे लिहिलंय की तिच्याबद्दल त्याला प्रेमासारखं काही वाटत होतं असं नाही. ती प्रत्यक्ष येते एकाच कथेत, लग्न करते दुसऱ्याशीच, आणि त्या लग्नाला साक्षीदार म्हणून वेषांतर केलेला होम्सच उभा असतो. ती होम्सची प्रेयसी, हा फॅनन. सिनेमा-सिरीजवाल्यांनी इतक्यांदा दाखवलाय की खरा वाटतो. हे दोन्ही पार्ट्यांना लागू आहे बरं का, होम्सला सरळ ठरवायला निघालेले लोकसुद्धा शिपिंगच करत असतात, फक्त त्यांना कुणी पुरावा मागत नाही.

दोन, होम्स स्वतः द डेव्हिल्स फूटमधे सांगतो की मी कधी प्रेम केलं नाही, वॉटसन. झालं, एस-ॲरो वाचन करणाऱ्यांचा हा हुकमी पत्ता, आणि खरंच दमदार वाचन आहे ते, कुणीही न जुळवता होम्सला आहे तसा ठेवणारं. शिपर लोक म्हणतात त्याच वाक्यात पुढे "मी प्रेम केलं असतं आणि माझ्या बाईचा असा शेवट झाला असता तर" असं आहे, म्हणजे तो फक्त बायकांबद्दल बोलतोय. ताणलंय हे, पण चालतं, तिसऱ्या रकान्यात लिहा.

तीन, वॉटसन. बायकोवर, मेरी मॉर्स्टनवर, त्याचं मनापासून प्रेम आहे, आणि तीन खंडांतल्या बायकांचा आपल्याला अनुभव आहे अशी शेखी तो स्वतः मिरवतो. यावर "मग संपलं ना" म्हणणाऱ्यांना दोन्हीकडे ओढ असणारी माणसं असतात एवढं शांतपणे सांगायचं. मेरीला मात्र खलनायिका करू नका. नवीन फॅनफिकवाले हमखास करतात, बिचारीला कजाग करायचं, दुष्ट करायचं, नाहीतर दुसऱ्या पानावर मारून टाकायचं. पुस्तकात ती हुशार आहे, धीराची आहे, आणि नवऱ्याला स्वतःहून होम्सबरोबर जा म्हणणारी आहे. तिला नीट ठेवून तुमची थिअरी उभी राहते का बघा.

पायरी ४ : काळ बघा, आपला चष्मा उतरवून

दोन पुरुष एका घरात राहतात म्हणजे काहीतरी आहे, हा पुरावा नाही. लंडनमधे भाडं परवडत नव्हतं म्हणून ते एकत्र आले, पहिल्याच पुस्तकात लिहिलंय. पुण्यात कॉट बेसिसवर राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. हातात हात घालून फिरणं, माय डिअर वॉटसन म्हणणं, हे त्या काळच्या पुरुषांत सर्रास होतं.

पण तोच काळ दुसऱ्या बाजूनेही बघा. १८८५ साली इंग्लंडमधे लाबुशेर दुरुस्ती आली आणि पुरुषांमधले संबंध, अगदी बंद दाराआडचेसुद्धा, दोन वर्षांच्या कैदेला पात्र झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी होम्स छापून आला. आणि १८८९ मधे लंडनच्या लँगम हॉटेलात एका अमेरिकन मासिकाच्या संपादकाने दोन लेखकांना जेवायला बोलावलं होतं, एक आर्थर कॉनन डॉयल, दुसरा ऑस्कर वाइल्ड. त्या जेवणातून एकाकडून द साइन ऑफ फोर आली, दुसऱ्याकडून डोरियन ग्रेची गोष्ट. सहा वर्षांनी, १८९५ मधे, त्याच दुरुस्तीखाली वाइल्डला दोन वर्षं सक्तमजुरी झाली, आणि खटल्यात वकिलांनी त्याच्याविरुद्ध डोरियन ग्रेमधले उतारे वाचून दाखवले. म्हणजे तेव्हा कुणी खरंच असा असता तर तो उघड लिहिणार नव्हता, आणि वॉटसन तर आपण नावं, तारखा बदलतो हे स्वतः सांगतो. यातून दोघांचं होतं असं सिद्ध होत नाही. पण "असतं तर लिहिलं असतं" हा समोरच्याचा मुद्दा मात्र पार निकालात निघतो.

इंग्लंडमधे तो कायदा १९६७ साली सैल झाला, आपल्याकडे इंग्रजांनीच ठेवून गेलेलं कलम ३७७ सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१८ मधे सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं मोडीत काढलं. हे आठवणीत ठेवा, कारण असल्या कुजबुजीचा वापर मारायलापण झालाय. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने बॅटमॅन आणि रॉबिनच्या घरात समलिंगी वातावरण आहे असं पुस्तकात लिहिलं ते आरोप म्हणून, कौतुक म्हणून नाही, आणि कॉमिक्सवाल्यांनी घाबरून स्वतःलाच नियम लावून घेतले. तुम्ही तेच बोलताय, पण आवडीने. सूर सांभाळा.

पायरी ५ : लेखकाकडे शिक्का मागायला जाऊ नका

नवीन लोकांचा पहिला प्रश्न असतो, "पण लेखकाने कन्फर्म केलंय का?" डॉयलचं उत्तर ऐका. विल्यम जिलेट नावाचा अमेरिकन नट होम्सवर नाटक बसवत होता, १८९९ ची गोष्ट, त्याने तार केली की होम्सचं लग्न लावू का, आणि डॉयलने कळवलं लग्न लाव, खून कर, त्याचं काय हवं ते कर. घ्या, मिळाली परवानगी, आणि तीपण सगळ्यांना.

लेखकाने शिक्का मारला तरी प्रश्न मिटतो असं नाही. हॅरी पॉटरमधला डम्बलडोर गे होता हे लेखिका रोलिंगने ऑक्टोबर २००७ मधे न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधे सांगितलं, सातवं पुस्तक येऊन तीन महिने झाल्यावर, आणि सातही पुस्तकांत ते कुठेही स्पष्ट लिहिलेलं नाही, मग हे कॅनन आहे की नाही यावर लोक आजही भांडतात. उलट लेजंड ऑफ कोरा या कार्टून सिरीजचा शेवट डिसेंबर २०१४ मधे आला, दोघी मुली हातात हात घालून प्रकाशाच्या दारात शिरतात, एवढंच, आणि थोड्याच दिवसांत बनवणाऱ्यांनी जाहीर लिहिलं की हो, तसंच आहे. तिथे पडद्यावर जे दिसलं होतं त्याला ते जोडून होतं म्हणून पटलं. माझं मत, पानावर किंवा पडद्यावर काय आहे त्याला वजन जास्त, मुलाखतीला कमी. पण हे माझं मत आहे, यावर भांडणारे तुम्हाला भेटतीलच.

पायरी ६ : थिअरीचं रूपांतर कटात होऊ देऊ नका

इथे बीबीसीच्या सिरीजकडे यावंच लागतं. २०१० च्या पहिल्याच भागात घरमालकीण विचारते दुसरी बेडरूम लागणार आहे का, हॉटेलवाला रोमँटिक वाटावं म्हणून टेबलावर मेणबत्ती आणून ठेवतो, वॉटसन दर वेळी "आम्ही कपल नाही" म्हणतो. दर सीझनला हे विनोद. आता हे विनोद म्हणून केलं का इशारा म्हणून, यावर एक अख्खा गट तयार झाला, त्यांचं म्हणणं की सिरीज बनवणारे मॉफॅट आणि गेटिस शेवटी दोघांना एकत्र आणणारच आहेत आणि मुलाखतींमधे नाही म्हणतात ते सरप्राइज फुटू नये म्हणून. बघितलंत काय झालं? नाही म्हटलं तरी पुरावा, हो म्हटलं तर पुरावाच. जी थिअरी कशानेच खोटी ठरू शकत नाही तिथून उठा आणि चहा प्या.

जानेवारी २०१७ मधे चौथा सीझन संपला, काही झालं नाही, तर लोक म्हणायला लागले की हा शेवट मुद्दाम खोटा आहे, खरा भाग लपवून ठेवलाय. पुढच्याच रविवारी बीबीसीवर ॲपल ट्री यार्ड नावाची नवीन सिरीज सुरू होणार होती, ती म्हणजे नुसतं कव्हर, तिच्या जागी होम्सचा गुप्त भाग लागणार, असं ठरलं. रविवार आला आणि ॲपल ट्री यार्डच लागली. यात हसण्यासारखं आहे पण पूर्ण नाही, कारण कित्येक कोवळी पोरं होती ज्यांना पडद्यावर आपल्यासारखं कुणीतरी बघायचं होतं आणि सात वर्षं त्यांना विनोदांवर झुलवलं गेलं. क्वीअरबेटिंगचा राग येतो तो यामुळे आणि तो राग बरोबर आहे. तरी सेफ्टीसाठी एक सवय लावून घ्या, थिअरी मांडतानाच लिहून टाकायचं की अमुक झालं तर मी चुकले.

पायरी ७ : पात्र वेगळं, माणूस वेगळा

होम्सबद्दल काय वाटेल ते बोला, त्याला फरक पडत नाही. होम्स करणाऱ्या नटाच्या संसाराबद्दल, त्याच्या बायकोबद्दल, तो खरा कसा आहे याबद्दल अंदाज बांधायचे नाहीत, आणि तुमचं फॅनफिक किंवा चित्र त्याला टॅग करून तर अजिबात पाठवायचं नाही. हार्टस्टॉपर या सिरीजमधल्या किट कॉनर या नटाला लोकांनी इतका भंडावून सोडला, तू क्वीअरबेटिंग करतोस म्हणून, की २०२२ मधे अठराव्या वर्षी त्याला आपण बाय, म्हणजे दोन्हीकडे ओढ असणारा, असल्याचं जाहीर करावं लागलं आणि त्याने सांगितलं की तुम्ही मला हे करायला भाग पाडलंत. ज्या सिरीजचा अख्खा विषय आपल्या वेळेने व्यक्त होणं हा आहे तिच्या फॅन्सनी हे केलं. यावर जास्त काय बोलणार.

पायरी ८ : आता लिहा

पहिली पोस्ट छोटी ठेवा. एक गोष्ट, एक उतारा, एक दावा. "होम्स गे आहे" असं नको, "नॉरवुड बिल्डरमधला दवाखान्याचा व्यवहार मी प्रेम म्हणून वाचते आणि का ते सांगते" असं. फिक टाकत असाल तर टॅग प्रामाणिक लावा, वयाचं रेटिंग नीट द्या, तिरकी रेघ का अँड ते विसरू नका. दुसऱ्याची शिप आवडली नाही तर टॅग म्यूट करा, खाली जाऊन उपदेश नको. आणि टोपणनाव वापरा, आतेभावाने स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकला की साठ कथांचा अभ्यास कामी येत नाही.

वाचायला क्रम हवा असेल तर साइन ऑफ फोर, मग एम्प्टी हाउस, नॉरवुड बिल्डर, डेव्हिल्स फूट, गॅरिडेब्ज, ब्लँच्ड सोल्जर. शेवटची वाचताना एक नोंद करा. एम्प्टी हाउसपर्यंत मेरी गेलेली आहे असं लोक धरून चालतात, कारण तिथे वॉटसनच्या दुःखाचा ओझरता उल्लेख आहे. आणि ब्लँच्ड सोल्जर घडते जानेवारी १९०३ मधे, जिथे वॉटसन "बायकोसाठी" सोडून गेलाय. मग ही बायको कोण? नाव नाही, गाव नाही, एका ओळीच्या पलीकडे ती दिसत नाही. वॉटसनच्या बायका एकूण किती यावर होम्सवाले पिढ्यान् पिढ्या भांडताहेत, कुणी दोन म्हणतं, कुणी त्याहून बरंच पुढे जातं. तुमची पहिली पोस्ट यावर टाकलीत तरी चालेल, उत्तरं देणारे रात्री दोनला पण जागे असतात.